शे म्हणजे आहे

मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर मला एक साधाच प्रश्न विचारला गेला आणि मी अडखळलो. आमच्या सॉफ्टवेअर लायब्ररीवर नव्याने काम करू लागलेला पोर्तुगालमधला एक इंजिनिअर होता. त्याने स्क्रीनवर एक फाइल उघडली आणि विचारलं, "इथे सगळ्यांत वर एस. खैरनार असं नाव आहे. ते अजून असतात का? त्यांना काही विचारायचं झालं तर?"

"ते नाही, त्या," मी म्हणालो.

"अच्छा, सॉरी. त्या असतात का?"

"नाही."

तो पुढच्या मुद्द्याकडे वळला. कॉल इंग्रजीत चालला होता, आणखी आठ-नऊ माणसं ताटकळली होती, म्हणून मीही वळलो. पण कॉल संपल्यावर बराच वेळ तसाच बसून राहिलो. ज्या बाईंच्या शेजारच्या टेबलावर सात वर्षं काम केलं, त्यांच्याबद्दल मी एका शब्दात उत्तर देऊन मोकळा झालो होतो. आणि ते उत्तर खोटंही नव्हतं.

सुनंदा खैरनार. ऑफिसात आम्ही नुसतं मॅडम म्हणायचो. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमची छोटी कंपनी आहे. शेजारी पत्र्याचे भाग कापणारी प्रेस आहे, तिचा धाडधाड आवाज दिवसभर भिंतीतून येतो. कोल्ड स्टोरेजमध्ये आणि वाइनच्या टाक्यांवर बसवायची तापमान मोजणारी उपकरणं आम्ही बनवतो. ऑफिसात त्यांना डबी म्हणतात. डबी तापमान मोजते आणि सिमकार्डवरून आमच्या सर्व्हरला कळवते. अशा असंख्य डब्या एकाच वेळी सर्व्हरशी जोडलेल्या असतात. त्या सगळ्यांचं नीट ऐकून घ्यायचं, एकीचं बोलणं दुसरीच्या बोलण्यात मिसळू द्यायचं नाही, हे काम करणारा कोड मॅडमनी रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत एकट्यांनी लिहिला होता. तीच आमची लायब्ररी. कंपनीने ती खुली ठेवली होती, म्हणजे जगातल्या कोणीही घ्यावी आणि आपल्या प्रोग्राममध्ये वापरावी.

मी पुण्याची नोकरी सोडून नाशिकला परत आलो आणि इथे लागलो, तेव्हा त्या पन्नाशीच्या होत्या. सुती साडी, खांद्यावर पिन केलेला पदर, पायात स्पोर्ट्स शूज आणि मनगटावर वडिलांचं मोठं पुरुषी घड्याळ. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. ती पेन्सिल त्या खरंच वापरायच्या. कोड स्क्रीनवर वाचून त्यांना समाधान व्हायचं नाही. जुन्या टेंडरच्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर छापून घ्यायच्या आणि ओळीओळीखाली पेन्सिल फिरवत वाचायच्या, पोथी वाचावी तशा. एखाद्या ओळीशी पेन्सिल थांबली की मान किंचित तिरकी व्हायची आणि अगदी हळू आवाजात ऐकू यायचं, "काय व्हयनं रे तुले?" काय झालं रे तुला. त्या मूळच्या सटाण्याकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या. आमच्याशी शुद्ध, जपून मराठी बोलायच्या. अहिराणी फक्त कोडशी.

सगळे एकला जेवायचे, त्या साडेबाराला जेवायच्या. पहिले काही महिने मला वाटलं, पथ्य असेल. नंतर कळलं, की एक वाजता टेबलावर आठ माणसं बसतात आणि कोणीतरी "घरी कोण कोण असतं?" विचारतं.

कोणी चूक घेऊन गेलं, की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं. "आधी ऐकून घेऊ." मग दोनशे पानी वहीत तारीख टाकून, काय झालं ते सगळं लिहून घ्यायच्या. आपला अंदाज सांगायला गेलं, की हात वर करायच्या. "तुझं मत नंतर. आधी काय झालं ते." मला सुरुवातीला राग यायचा. पुण्यात मी सीनियर होतो. पण त्यांच्या वहीत लिहून होईपर्यंत निम्म्या वेळा माझी चूक मलाच दिसायची, आणि त्या पुढे एक अक्षर बोलायच्या नाहीत.

त्या कॉलेजात जाऊन कॉम्प्युटर शिकलेल्या नव्हत्या. डिप्लोमा करून टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागल्या, तिथे वीस वर्षं काढली आणि ते काम आटत गेलं तेव्हा पुस्तकं आणून प्रोग्रामिंग शिकल्या. आमचे मालक कुलथे सर सांगायचे, की मुलाखतीत त्यांना विचारलं, तुम्हाला नेटवर्किंग येतं का, तर म्हणाल्या, "लाइन चालू आहे की मेली, एवढं ओळखता येतं."

ते किती खरं होतं, हे मला विंचूरला कळलं.

विंचूरजवळच्या एका कोल्ड स्टोरेजमधली डबी रोज दुपारी गप्प व्हायची. आमच्या स्क्रीनवर जोडणी चालू दिसायची, हिरवा दिवा, पण तापमान येईना. संध्याकाळी आपोआप सुरू. मी ऑफिसातून दोन दिवस खटपट केली. तिसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "जाऊन बसू."

गेलो आणि खरोखरच नुसते बसलो. सकाळी नऊपासून त्या कोल्ड स्टोरेजच्या दाराशी एका पालथ्या क्रेटवर वही घेऊन बसल्या. वॉचमनची बायको, सुमनबाई, चहा घेऊन आली.

"बठा ना माय सावलीमा. कथाईन उनात?" कुठून आलात, तिने विचारलं.

मॅडमनी चमकून वर पाहिलं. "तुम्ही बागलाणन्या का?"

"ताहाराबादनी शे मी."

"मी सटाणानी," मॅडम म्हणाल्या, आणि पुढचे चार तास मी त्यांचा जो आवाज ऐकला, तो त्याआधी कधी ऐकला नव्हता. मोठा, भरभर, मधेच हसणारा. भाकरीपासून डाळिंबावरच्या रोगापर्यंत सगळं बोलून झालं. सुमनबाईने त्यांचा हात हातात घेऊन बांगड्यांची चौकशी केली, हात मोकळे का, विचारलं. मॅडमनी काय सांगितलं, ते मला कळलं नाही, पण सुमनबाई उठून आत गेली आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आली. हे सगळं चालू असताना पेन्सिल वहीत नोंदी करतच होती. दार उघडलं, किती वाजता. दार लागलं, किती वाजता. कॉम्प्रेसर बंद, किती वाजता.

दीड वाजता डबी गप्प झाली. मॅडमनी वही माझ्यापुढे धरली. "बारानंतर हमाल जेवायला जातात. दार उघडत नाही. दार उघडलं नाही, तर आतलं तापमान हलत नाही. तापमान हललं नाही, तर आपली डबी काही बोलत नाही, आपणच तसं ठरवलंय. आणि ही बोलत नाही म्हणून मोबाइल कंपनी मधल्यामध्ये लाइन तोडून टाकते. कोणाला न सांगता. डबीला वाटतं मी जोडलेली आहे. आपल्याला वाटतं ती जोडलेली आहे. मधे काहीच नाही."

उपाय सोपा होता. सांगण्यासारखं काही नसलं तरी डबीने दर थोड्या वेळाने एक छोटा संदेश पाठवायचा, मी आहे म्हणून. परत येताना गाडीत त्यांनी त्या संदेशाचं नाव ठरवलं. शे. अहिराणीत शे म्हणजे आहे. कोडमध्ये ते रोमन लिपीत तीन अक्षरी लिहिलं गेलं, त्यामुळे इंग्रजी वाचणाऱ्याला ते 'शी' वाटतं, म्हणजे 'ती'. जगभरातून लोकांनी विचारलं आहे, की ही 'ती' कोण, जी दर पाच मिनिटांनी येते.

सगळ्यांत आधी विचारलं लार्सने. तो नॉर्वेचा. माशांच्या कुठल्याशा शीतगृहासाठी आमची लायब्ररी वापरायचा आणि मॅडमना लांबलचक संदेश लिहायचा. चुका दाखवायचा, दुरुस्त्या पाठवायचा, मधेच हवामान कळवायचा. मॅडमची इंग्रजी तांत्रिक पुस्तकांतून आलेली, तुटक. तो वीस ओळी लिहायचा, त्या लिहायच्या, "नोटेड. विल सी." पण ऑफिसात आल्यावर पहिलं काय उघडायच्या, हे शेजारी बसून मला दिसायचंच. एकदा त्याने बर्फात अर्ध्या बुडालेल्या घराचा फोटो पाठवला. मॅडमनी दिंडोरी रोडच्या एका बागेतला, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या द्राक्षांच्या घडांचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "धिस इज ऑल्सो फॉर टेम्परेचर." चार वर्षं असं चाललं. त्यांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही. आवाजही ऐकला नाही.

आणि मग लार्सनेच ती मागणी केली.

ती मागणी समजायला एक गोष्ट सांगायला हवी. इतक्या जोडण्यांपैकी आत्ता कोण बोलतंय, कोण थांबलंय, कोणाचं काम पुढे सरकवायचं, हे सतत बघत राहणारा एक भाग अशा कोडमध्ये लागतो. मॅडमनी तो स्वतः लिहिला होता. त्याचं नाव होतं फेरी. दरम्यानच्या काळात रस्टच्या जगात हेच काम करणारे तयार रनटाइम आले होते. पुष्कळ लोकांनी मिळून लिहिलेले, घासूनपुसून घेतलेले, आणि त्यातला एक तर जवळपास सगळेच वापरत होते. लार्सने लिहिलं, "तुमची लायब्ररी उत्तम आहे, पण ती स्वतःची फेरी सोबत घेऊन येते. माझ्या प्रोग्राममध्ये आधीच तो रनटाइम आहे आणि दोन्ही एकत्र नांदत नाहीत. तुम्ही फेरी काढून रनटाइम घ्याल का?" खाली दोन दिवसांत पन्नास जणांनी पसंतीचे अंगठे उमटवले.

मॅडमनी उत्तर दिलं, "नॉट रिक्वायर्ड."

कुलथे सरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं.

"मॅडम, उद्या तुम्ही सुट्टीवर गेलात, तर ती फेरी समजणारं इथे कोण आहे?"

"मी सुट्टीवर जात नाही."

"तेच म्हणतोय मी."

त्या उठून बाहेर आल्या. सरांनी ते काम मला दिलं. मॅडमनी त्याच दिवशी रजेचा अर्ज ठेवला, पंधरा दिवसांचा. मी आल्यापासूनची त्यांची पहिली रजा.

मी उत्साहात होतो, हे कबूल केलं पाहिजे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या कोडला हात लावायला मिळत होता. सुरुवातीला मी फेरी तशीच ठेवली आणि रनटाइमच्या आत बसवली. सगळं ठप्प झालं. फेरी एकदा सुरू झाली की थांबत नाही, आणि रनटाइमला तर प्रत्येकाने आपापली पाळी सोडायला हवी असते. मग मी फेरीला वळसा घालून सगळं रनटाइमच्या पद्धतीने मांडलं. चाचण्या पास झाल्या. सरांना दाखवलं. पिंपळगावच्या एका कोल्ड स्टोरेजवर प्रयोगाला लावलं.

दोन दिवसांनी तिथल्या ऑपरेटरचा फोन आला. "साहेब, तुमची डबी सहाशे डिग्री दाखवून राहिली. द्राक्ष शिजली का काय आमची?" तो हसत होता. मीही हसलो. मग तो म्हणाला, "लय कावकाव करत होता अलार्म, म्हणून मी बंदच करून टाकला."

तेव्हा माझं हसू गेलं. आत निर्यातीची द्राक्षं होती, चार खोल्या भरून, आणि आता खरंच काही झालं असतं, तरी कोणालाही कळणार नव्हतं. मी जुनी फेरी परत चालू केली, त्याला अलार्म लावायला सांगितलं आणि नव्या कोडमध्ये चूक शोधत बसलो. सापडेना. हजारात एखादाच आकडा असा यायचा, बाकी सगळे बरोबर. चौथ्या दिवशी मी सगळं कागदावर छापलं, त्यांच्यासारखंच टेंडरच्या मागच्या बाजूला, आणि त्यांच्या घरी गेलो.

त्या नाशिकच्या द्वारका चौकाजवळ राहायच्या, एका ट्रान्सपोर्ट ऑफिसच्या वर दुसऱ्या मजल्यावर. खाली दिवसभर ट्रकचे हॉर्न. मी न कळवता आलेलो पाहून त्या दारातच उभ्या राहिल्या. मग कागद दिसले आणि बाजूला झाल्या.

आत एक टेबल, कॉम्प्युटर आणि एक खुर्ची. भिंतीला लागून एक लोखंडी खाट, तिच्यावर गादी नव्हती, छापलेल्या कागदांचे गठ्ठे होते. मी उभाच राहिलो. त्यांच्या लक्षात आलं आणि त्या अशा गोंधळल्या, की मलाच वाईट वाटलं. बाहेर जाऊन त्यांनी शेजारचं दार वाजवलं. "शबानाभाभी, एक खुर्ची मिळेल का?"

"मेहमान आये क्या?" भाभींचा आवाज आला, आणि त्यातलं आश्चर्य लपत नव्हतं. त्यांनी प्लॅस्टिकची खुर्ची तर आणलीच, सोबत दोन कप चहाही आणला, आणि जाताना दारातून परत एकदा माझ्याकडे बघून घेतलं.

मॅडमनी वही काढली. "काय झालं ते सांग. मत नंतर."

मी सांगितलं. मग दीड तास पेन्सिल ओळींखालून फिरत राहिली. मी खिडकीतून उड्डाणपूल बघत बसलो. शेवटी पेन्सिल थांबली.

"इथे तू दोन गोष्टी एकदम सुरू केल्यास. एक, डबीचा संदेश वाचायचा. दुसरी, वेळ मोजायची. वेळ आधी संपली, तर वाचणं सोडून द्यायचं."

"हो. तशीच पद्धत आहे. वाचणारा टाकून द्यायचा, पुढच्या वेळी नवा सुरू करायचा."

"आणि त्याने अर्धा संदेश वाचलेला असेल तर?"

मी कागद जवळ ओढला. अर्धा वाचलेला भाग त्या वाचणाऱ्याजवळच होता. त्याला टाकला, की तोही गेला. नवा वाचणारा उरलेल्या अर्ध्यापासून सुरू करत होता आणि तीच सुरुवात समजत होता. चार पूर्णांक काहीतरीचे सहाशे होत होते.

"जेवढं ऐकलं, तेवढं जोडणीजवळ ठेव," त्या म्हणाल्या. "वाचणारा गेला तर जाऊ दे. वाचलेलं जाता कामा नये."

त्यांनी समासात चार ओळी लिहून दिल्या. त्या ओळी आजही कोडमध्ये तशाच आहेत. मी निघायला हवं होतं, पण चहा उरला होता. बोलायचं म्हणून मी विचारलं, "फेरी तुम्ही ऑफिसात लिहिलीत?"

"नाही, इथे." त्यांनी खाटेकडे मान वळवली. "अण्णा, म्हणजे माझे वडील, अकरा वर्षं त्या खाटेवर होते. बोलता येत नव्हतं शेवटी. काही हवं असलं की बोट हलवायचे. मी इथे बसून लिहायची आणि मधून मधून वळून बघायची. भाऊ सुरतेला असतो. तेव्हाही यायचा नाही." खाटेकडेच बघत म्हणाल्या, "ते गेले तेव्हा मी फेरीतली एक चूक काढत होते. वळून बघितलं तर बोट हलत नव्हतं. किती वेळ झाला होता, ते मला माहीत नाही."

खाली एक ट्रक बराच वेळ रिव्हर्स घेत होता. मी उरलेला चहा संपवला. मी खुर्ची उचलून शबानाभाभींकडे परत दिली आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी मॅडम रजा मोडून कामावर आल्या. सरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "हे मीच करीन. त्याला एकट्याला जमणार नाही." मग सव्वा महिना आम्ही दोघांनी मिळून ते काम केलं. माझ्या आयुष्यातला शिकण्याचा सगळ्यांत चांगला सव्वा महिना. संदेशांचा अर्थ लावणारा त्यांचा कोड त्यांनी पहिल्यापासून फेरीपासून वेगळा ठेवला होता, इतका स्वच्छ, की त्याला धक्का लावावा लागला नाही. ज्या रनटाइमला त्या नको म्हणत होत्या, त्याचाही सगळा कोड त्यांनी छापून घेतला आणि पेन्सिलीने वाचला. एकदा मान हलवून म्हणाल्या, "चांगलं लिहिलंय लेकाच्यांनी." एकदा त्यात चूक काढली आणि तिकडे कळवली, आणि तिकडच्यांनी आभार मानून ती दुरुस्त केली.

शेवटी फक्त फेरीची फाइल काढायची राहिली. आता बाकीच्या कोडमधून तिला कोणी हाक मारत नव्हतं. शुक्रवारची दुपार होती. मला वाटलं, त्या स्वतः काढतील. त्यांनी खुर्ची मागे सरकवली.

"तू काढ."

"मॅडम, तुम्ही..."

"काढ रे. मी जरा खाली जाऊन येते."

मी फाइल काढली, चाचण्या चालवल्या. सगळ्या हिरव्या. खिडकीतून पाहिलं तर त्या गेटजवळच्या टपरीपाशी उभ्या होत्या. चहा घेतला नव्हता. प्रेसमधले कामगार शिफ्ट सुटून सायकली काढत होते आणि त्या त्यांच्या वाटेत उभ्या होत्या. ते घंटी वाजवत, वळसा घालून जात होते.

नवी आवृत्ती बाहेर पडली आणि लायब्ररीला खरंच पंख फुटले. ज्यांना फेरीमुळे ती घेता येत नव्हती, ते सगळे आले. लार्सने पहिल्या दिवशी टाळ्यांची सहा चित्रं पाठवली. महिनाभराने त्याचा आणखी एक संदेश आला, त्याच्या मानाने खूपच छोटा. त्याने नोकरी बदलली होती. नव्या ठिकाणी दुसरी भाषा, दुसरं काम. यापुढे लायब्ररीकडे लक्ष देता येणार नाही, सगळ्यासाठी आभार. मॅडमनी तो वाचला. नेहमीप्रमाणे "नोटेड" लिहिलं. मग ते खोडलं आणि कितीतरी वेळ कर्सर रिकाम्या चौकटीत लुकलुकत राहिला. शेवटी काय पाठवलं, ते मी बघितलं नाही. मी मुद्दामच उठून पाणी प्यायला गेलो होतो. पुढे बरेच दिवस सकाळी आल्यावर त्या पहिल्यांदा तेच पान उघडायच्या आणि लगेच बंद करायच्या.

माणसं वाढली, तसे दर आठवड्याला कॉल सुरू झाले. काय घ्यायचं, काय काढायचं, सगळं इंग्रजीत, भराभर. मॅडम हजर असायच्या, कॅमेरा बंद. दीड वर्षात त्या एकदाच बोलल्या. कोणीतरी म्हणालं, की ते 'शी' नाव बदलून सगळ्यांना समजेल असं काहीतरी ठेवू. मॅडमनी माइक चालू केला. "नो," एवढंच म्हणाल्या.  नाव राहिलं.

पुढच्या मार्चमध्ये त्यांनी राजीनामा दिला. निवृत्तीला अजून वर्ष होतं. कारण कोणी विचारलं नाही. लायब्ररीच्या चाव्या, म्हणजे नवी आवृत्ती बाहेर काढण्याचे अधिकार, त्यांनी माझ्या नावावर केले. निरोपाला केक आणला होता, तो त्यांनी कापला आणि साडेपाचच्या बसने गेल्या.

घर हलवायला मी रविवारी गेलो, बोलावलं नव्हतं तरी. सटाण्याजवळ चुलतभावाच्या मळ्यात एक खोली होती, तिथे जाणार होत्या. छोटा टेम्पो पुरला. खाट त्यांनी शबानाभाभींच्या ओळखीच्या एकाला देऊन टाकली. भाभींनी त्यांना मिठी मारली, तेव्हा मॅडमचे हात कुठे ठेवावेत, हे त्यांना कळत नव्हतं. मी म्हणालो, "येत जा मॅडम अधूनमधून." त्या म्हणाल्या, "हो, हो." ड्रायव्हरशेजारी बसल्या, मांडीवर कॉम्प्युटर, कापडात बांधलेला. टेम्पो निघाला. मी हात हलवला, त्यांनी हलवला. झालं.

मी पायी चौकाकडे निघालो आणि द्वारकाच्या सिग्नलला आलो, तर टेम्पो तिथेच उभा. पुण्याकडून आलेल्या एका ट्रेलरने वळण घेताना रस्ता अडवला होता आणि चारी बाजूंनी सगळं तुंबलं होतं. माझ्यापासून पंधरा पावलांवर त्या बसलेल्या दिसत होत्या. त्यांनीही मला पाहिलं. निरोप घेऊन झालेला होता. आता काय करायचं, हे दोघांनाही कळेना. त्या समोर बघायला लागल्या. मी फोन काढून उगाच बघितला. पाच मिनिटं गेली, गाडी हलेना. मग मी गाड्यांतून वाट काढत खिडकीशी गेलो.

"ऊन लागतंय, जा ना तू," त्या म्हणाल्या.

"सुटेल आता."

ड्रायव्हर खाली उतरून ट्रेलर बघायला गेला. आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो. मग त्या एकदम म्हणाल्या, "अमोल, तुला मुलगी आहे ना?"

"हो."

"नाव काय तिचं?"

सात वर्षांत हे कधी निघालं नव्हतं. मी लिहिलेली ओळ त्या नाव न बघता ओळखायच्या, आणि माझ्या मुलीचं नाव त्यांना माहीत नव्हतं. मीही कधी सांगितलं नव्हतं.

"सई," मी म्हणालो. "पाचवीला आहे."

"सई." त्यांनी ते हळूच म्हणून बघितलं. "अभ्यास करते?"

"गणित आवडत नाही."

"मागे लागू नकोस तिच्या." आणखी काहीतरी विचारायला त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं, तेवढ्यात मागून हॉर्न सुरू झाले. ड्रायव्हर धावत आला. मी बाजूला सरलो. टेम्पो झटका देऊन सुरू झाला, कॉम्प्युटर घसरू नये म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी धरला, त्यामुळे या वेळी हात हलवता आला नाही. आग्रा रोडला लागेपर्यंत खिडकीत त्यांचा चेहरा माझ्याकडे वळलेला दिसत होता. मग एक सिटी बस मधे आली.